प्रॉपर्टी (रंगभूमी)

नाटकाच्या प्रयोगात नट ज्या वस्तू हाताळतात त्यांना मराठी नाटकमंडळी सरसकट ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. छापील लेखनात ‘रंगमंच साहित्य’ असेही येते. कोच, कपाट, पलंग यांची गणना बहुधा नेपथ्यात होते. पत्र, काठी, कपबशी ही हँड प्रॉपर्टी. डोक्यावरची टोपी वेशभूषेत मोडते, पण नटाने तीच काढून कुणापुढे पसरली की ती प्रॉपर्टी झाली.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात हा विषय आहार्य अभिनयात, म्हणजे वेश, दागिने, वस्तू यांतून होणाऱ्या अभिनयात, येतो. डोंगर, विमान, ढाल, ध्वज यांच्या बांबू, कापड, कातडे वापरून केलेल्या प्रतिकृतींना तिथे ‘पुस्त’ म्हटले आहे. दागिने जड नकोत, नट थकतो, ही सूचनाही आहे. कोकणातल्या दशावतारात एका बाकड्यावर राजदरबार भरतो, आणि प्रेक्षकाला त्यात काही कमी वाटत नाही. दिवाणखानी नाटकांत शोभेच्या वस्तूंची गर्दी असते; त्यांतल्या निम्म्यांना प्रयोगभर कुणी हातही लावत नाही.

नेमकी वस्तू काय करू शकते हे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मध्ये दिसते. सामंत हा गावातला भाबडा तरुण पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट घेऊन येतो. तेव्हा ते नुसते खेळणे असते. पुढे नाटकमंडळींनी गंमत म्हणून मांडलेला लुटुपुटूचा खटला त्यांच्यातल्याच शिक्षिका बेणारेबाईंच्या खासगी आयुष्यावर घसरतो. शेवटी त्या कोसळून पडलेल्या असताना सामंत, जवळ जायलाही संकोचत, तो पोपट त्यांच्यापाशी ठेवून निघून जातो. मग चिमणी-पोपटाचे बालगीत ऐकू येते. साऱ्या नाटकात बाईंच्या वाट्याला आलेली माया एवढीच, आणि तीही जवळजवळ शब्दांविना. दिग्दर्शकाने पोपट सुरुवातीला प्रेक्षकांच्या नजरेत नीट भरवला नाही, तर हा शेवट अर्धा वाया जातो.

पडद्यामागे, विंगेतल्या (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातल्या) टेबलावर प्रवेशांच्या क्रमाने वस्तू मांडतात. व्हिस्कीच्या जागी कोरा चहा चालतो. पत्राच्या जागी कोरा कागद मात्र टाळावा: प्रकाशझोतात तो आरपार दिसतो, आणि पहिल्या रांगेतल्यांना मजकूर नसल्याचे कळते. शिवाय खरा मजकूर समोर असला की वाचणाऱ्या नटाचे डोळे ओळींवरून खरोखर फिरतात.