परग्रही नाताळगीत-विडंबन

परग्रही नाताळगीत-विडंबन : नाताळच्या परिचित गीताची चाल कायम ठेवून ती परग्रहवासी वा यंत्रमानवांच्या तोंडी किंवा वाद्यांवर चढवणारा, इंग्रजी विज्ञानकथा-मालिकांतील विनोदप्रकार. तयार चालीवर नवे शब्द बसवण्याची रीत खुद्द नाताळगीतांतही आहे. ‘व्हॉट चाइल्ड इज धिस?’ (शब्द १८६५) हे ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ या जुन्या प्रेमगीताच्या चालीवर गातात.

या प्रकारात भेटणाऱ्या ‘जिंगल बेल्स’चा उगम वादग्रस्त आहे. जेम्स पिअरपॉन्ट यांचे हे गीत १८५७ मध्ये ‘वन हॉर्स ओपन स्ले’ या नावाने छापले गेले. मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड आणि जॉर्जियातील सव्हाना ही दोन्ही गावे त्यावर हक्क सांगतात. मेडफर्डकर ते १८५० च्या सुमारास तिथल्या एका पथिकाश्रमात रचल्याचे मानतात. परंतु कागदोपत्री पुरावा मिळतो तो बॉस्टनच्या ऑर्डवे सभागृहात सप्टेंबर १८५७ मध्ये झालेल्या मिन्स्ट्रेल (गोऱ्या नटांनी तोंडे काळी रंगवून कृष्णवर्णीयांची थट्टा करण्याच्या) प्रयोगाचा, आणि तोच अधिक विश्वसनीय वाटतो. गीतात नाताळचे नावही नाही. म्हणजे ज्याचे विडंबन करायचे तेच मुळात थट्टेच्या रंगमंचावरचे.

प्रकाराचा आरंभ कोठे मानावा? ‘द गो-गोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतील डॅलेक या परग्रहवासीयासोबत नाताळ साजरा करण्याची १९६४ ची ध्वनिमुद्रिका पुढे करता येते. पण तिची चाल स्वतंत्र आहे आणि ती दूरचित्रवाणीवरची निर्मिती नव्हे. १६ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी ६’ या अमेरिकी यानातील शिरा आणि स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी ध्रुवीय कक्षेत काही अनोळखी दिसत असल्याचे नियंत्रणकक्षाला कळवले आणि लगोलग माउथ ऑर्गन व घुंगरांवर ‘जिंगल बेल्स’ वाजवले. मालिकेबाहेरची असली, तरी आकाशातला पाहुणा आणि नाताळची चाल ही जोडी येथे पुरती जुळलेली दिसते.

‘डॉक्टर हू’च्या २५ डिसेंबर २००५ च्या विशेष भागात मुखवटे घातलेले सांता ‘गॉड रेस्ट ये मेरी जंटलमेन’ वाजवत येतात आणि त्याच पितळी वाद्यांतून मारा करतात; पुढे ‘जिंगल बेल्स’वर गिरक्या घेणारा नाताळवृक्षही हल्ला करतो. शब्द न बदलता, केवळ वादक बदलून साधलेले हे विडंबन आहे. ‘फ्युचुरामा’ (१९९९) ही अमेरिकी व्यंगचित्र-मालिका उलट शब्दच बदलते : ‘सांता क्लॉज इज कमिंग टू टाउन’ (१९३४) मधील प्रेमळ सांता तेथे गोळ्या झाडतो. त्या यांत्रिक सांताच्या लेखी चांगला ठरतो एकटा परग्रही झॉइडबर्ग.

२०२३ च्या ‘डॉक्टर हू’ नाताळ भागातील गॉब्लिनांचे (दंतकथांतील दुष्ट बुटक्यांचे) बाळ खाण्याविषयीचे गाणे स्वतंत्र चालीचे असल्याने काटेकोर अर्थाने या प्रकारात बसत नाही.