जुनं रेल्वे स्टेशन घर करताना: प्लॅनिंग परमिशन वेगळी, लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळी

रेल्वेच्या फेररचनेसाठीच्या 1963 च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधली 2,363 स्टेशनं बंद करावीत असं सुचवलं. पुढच्या काही वर्षांत रूळ उखडले गेले, इमारती विकल्या गेल्या आणि कितीतरी स्टेशनांत लोकांनी संसार थाटले. नॉरफोकमधलं वुल्फर्टन घ्या. सँड्रिंगहॅमच्या राजवाड्याचं हे स्टेशन. पाचव्या जॉर्जचं पार्थिव 1936 मध्ये आणि सहाव्या जॉर्जचं 1952 मध्ये इथूनच गाडीने निघालं. 1969 मध्ये मार्ग बंद झाला आणि पुढे हे स्टेशन खाजगी घर झालं. दिव्यांच्या खांबांवरचे मुकुट मात्र आजही जागेवर आहेत, आणि ते तसे राहावेत याची काळजी कायदाही घेतो.

इंग्लंडमध्ये अशी लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली, इमारत विकत घेऊन घर करायचं तर दोन परवानग्या लागतात. एक प्लॅनिंग परमिशन, दुसरी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. दोन्ही एकाच कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडून मिळतात, बऱ्याचदा एकाच फॉर्मवर मागता येतात, आणि निर्णयाची मुदतही साधारण आठ आठवड्यांचीच. म्हणून एक मिळाली की दुसरी त्यातच आली, असं लोक धरून चालतात. तसं नसतं.

प्लॅनिंग परमिशन जागेच्या वापराचा आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांचा विचार करते. स्टेशनचं घर होणार म्हणजे वापर बदलला. मोटारी कुठून आत येणार, पूर येतो का, छपरात वटवाघळं आहेत का, शेजाऱ्यांचा उजेड अडतो का, हे सगळं इथे पाहिलं जातं. भिंतींच्या आत तुम्ही काय करता याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचं सगळं लक्ष इमारतीच्या अंगाखांद्यावर असतं, आतूनही आणि बाहेरूनही. ‘लिस्टेडचा अर्थ दर्शनी भाग जपायचा, आत आपण मोकळे’ हा समज सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तिकीट खिडकीचंच बघा. जाड लाकडी चौकट, नाण्यांनी झिजलेली फळी, मागे सरकणारी झडप. ती काढून तिथे स्वयंपाकघराचा दरवाजा केला, तर प्लॅनिंगवाल्यांना त्याचं काही नाही. कन्सेंटच्या दृष्टीने मात्र इमारत स्टेशन होती याचा आतला सर्वांत बोलका पुरावाच गेला. वेटिंग रूमच्या उंच छताखाली पोटमाळा टाकणं, जुन्या खिडक्यांना दुहेरी काच बसवणं, फलाटावरच्या छताची लाकडी झालर काढणं, या सगळ्याला आधी विचारावं लागतं. प्लॅनिंग परमिशन हातात असूनही पोटमाळ्याला नकार मिळू शकतो. माझ्या मते हे योग्यच आहे. उंची गेली की त्या खोलीत स्टेशनचं काय उरतं?

मुंबईत 1995 पासूनच्या हेरिटेज नियमांत ग्रेड एक, दोन, तीन आहेत, तसे इंग्लंडमध्ये ग्रेड एक, दोन-स्टार आणि दोन. बहुतेक इमारती शेवटच्या वर्गात मोडतात. पण ग्रेड दोन म्हणजे सैल नियम नव्हे. आतल्या भागाला संरक्षण तेवढंच.

फसगत होते ती पैशांच्या बाबतीत. प्लॅनिंगच्या अर्जाला शुल्क आहे, लिस्टेड कन्सेंटला नाही. फुकट आहे म्हणजे किरकोळ असणार, असं वाटतं. खरी गोष्ट उलटी आहे. प्लॅनिंगशिवाय काम केलं तर तो लगेच गुन्हा ठरत नाही. कौन्सिलची नोटीस येते आणि ती धुडकावली की गुन्हा होतो. तोवर मागाहून अर्ज करून काम नियमित करून घेता येतं. कन्सेंटशिवाय इमारतीचं रूप बदलेल असं काम केलं, तर ते करणं हाच गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि कमाल मर्यादा नसलेला दंड होऊ शकतो. इमारत लिस्टेड आहे हे ठाऊक नव्हतं, ही सबब चालत नाही. मागाहून संमती मिळाली तरी झालेला गुन्हा पुसला जात नाही.

विकत घेणाऱ्याने आणखी एक फरक पक्का ध्यानात ठेवावा. प्लॅनिंगच्या उल्लंघनावर कारवाई करायला आता साधारण दहा वर्षांची मुदत आहे. लिस्टेड इमारतीच्या बाबतीत मुदतच नाही. आधीच्या मालकाने तीस वर्षांपूर्वी विनासंमती फायरप्लेस उखडली असेल, तर शिक्षा तुम्हाला होणार नाही. पण ती पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला येऊ शकते. म्हणून सौद्याआधी वकिलाला सांगून प्रत्येक जुन्या बदलाची संमती कागदावर मागून घ्या, आणि आराखडा काढण्याआधी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे वारसा इमारती बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा.

आवारही नीट बघून घ्या. यादीत फक्त मुख्य इमारतीचं नाव असलं, तरी तिच्या आवारात 1 जुलै 1948 च्या आधीपासून जमिनीचा भाग बनून असलेलं बांधकाम तिचाच भाग धरलं जातं. दिवे ठेवायची खोली, फलाटाची दगडी कड, कोपऱ्यातली पडकी मुतारीसुद्धा. ती पाडायची तरी कन्सेंट लागते.