पडून वाळलेलं आणि चिरून वाळवलेलं

अंगणातली बाभूळ किंवा कडुनिंब पाडला की पुढचं ठरलेलं असतं. ओंडका बांधाला लोटायचा, दोन-तीन उन्हाळे जाऊ द्यायचे. मग एखादे नाना येतात, कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, आपटतात, खणखण वाजलं की सांगून मोकळे होतात, "लाकूड वाळी गयं!" ओंडका आरा मशीनवर जातो, आठ दिवसांत मागच्या दारी लाकडी ओटा ठोकला जातो आणि उन्हाळा लागताच फळ्या पापडासारख्या वळतात. दोष बाभळीला!

चुलीसाठी वाळलेलं लाकूड इथे खानदेशात सगळ्यांनाच कळतं. घोळ होतो तो फळीचा.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी गेलं की लाकूड फक्त हलकं होतं, आकार बदलत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के ओल उरली की भिंतींमधलं पाणी निघू लागतं आणि तिथून लाकूड आक्रसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. वाढीच्या वलयांच्या कडेकडेनं जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच सालीकडून गाभ्याकडे. अख्ख्या ओंडक्यात बाहेरचा थर आक्रसू पाहतो, आतला ओला भाग त्याला जागा देत नाही. मग साल ते गाभा अशी उभी चीर पडते. त्यात साल पाणी अडवून धरते आणि सालीखालच्या पांढऱ्या लाकडात भुंगा घर करतो. म्हणजे तीन वर्षं पडलेला ओंडका टोकांना फाटलेला, कडेला पोखरलेला आणि मध्ये अजून ओला असू शकतो. नानांना जे खणखणलं ते वरचं दोन बोटं लाकूड.

चिरलेल्या फळीत पाण्याला बाहेर पडायला इंचभराचीच वाट असते. म्हणून चिरणं आधी, वाळवणं नंतर. झाड पाडलं त्याच दिवशी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासा, कारण टोकांतून पाणी कडांपेक्षा कितीतरी पट वेगानं पळतं. जमलं तर दिवाळीनंतर चिरून घ्या. आपल्या मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन ओल्या फळीला वाळवत नाही, तडकवतं. फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर वर, मध्ये दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी डोक्यावर यायला हवी; इथे आळस केला की फळी तिथेच बाक धरते. माथ्यावर दगड ठेवा. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा. आपल्या कोरड्या हवेत लवकरही उरकतं, पण कॅलेंडरपेक्षा काट्यावर विश्वास ठेवा: एकच फळी खुणेची ठरवून दर पंधरा दिवसांनी केळी तोलायच्या काट्यावर टाका. वजन उतरायचं थांबलं की झालं. उघड्यावरच्या ओट्याला भट्टीत वाळवलेलंच लाकूड हवं, हे मला पटत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. वाळवलेल्या फळीचा रंग मंदावतो, रंध्यानं परत उजळतो. सागाचं नाव ऐकून विरघळू नका. सागाचंही पांढरं लाकूड वाळवी खाते, टिकतो तो गाभा. घराजवळच्या झाडात खिळे आणि कपडे वाळत घालायच्या तारा गिळलेल्या असतात, ते आरा मशीनवाल्याला आधी सांगा, नाहीतर पात्याचा खर्च तुमच्या माथी. झाड पाडायची परवानगीही आधीच काढा. महाराष्ट्रात शहरात झाडं जपण्याचा १९७५ चा कायदा लागतो, बाहेर झाडतोडीचा १९६४ चा.

आणि ओल्या फळीवर पॉलिश मारून 'आता पाणी शिरणार नाही' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. आतलं पाणी कुठून निघणार?

मेमध्ये ओटा ठोकणार असाल तर दोन फळ्यांत करंगळीच्या निम्म्यानं तरी फट सोडा. ऑगस्टात त्या पुन्हा फुगणारच आहेत.