भ्रूण गोठवायचे आहेत? पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्रातले रकाने

भ्रूण गोठवण्याचा निर्णय अनेकदा घाईत घ्यावा लागतो. बायोप्सीचा रिपोर्ट येतो, केमोथेरपीची तारीख ठरते आणि त्याच भेटीत कर्करोगतज्ज्ञ सांगतात, पुढे मूल हवं असेल तर आधी आयव्हीएफ (प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि शुक्राणूंपासून भ्रूण तयार करणाऱ्या) सेंटरला जाऊन या. हातात जेमतेम दोन-अडीच आठवडे असतात. वैद्यकीय भाग तेवढ्यात बसतो. खोळंबा होतो तो कागदांपायी. शिवाय या कागदांमध्ये एक असा आहे, ज्यावर सही करताना लोक बँकेच्या फॉर्मइतकाही विचार करत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. भ्रूण गोठवण्यासाठी कुठल्याही सरकारी कचेरीत अर्ज करावा लागत नाही, कलेक्टर किंवा कोर्टाची परवानगीही लागत नाही. सरोगसीसाठी (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्यासाठी) वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश अशा पायऱ्या आहेत, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. इथे अर्ज थेट क्लिनिककडेच करायचा असतो. फक्त ते क्लिनिक सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 खाली नोंदणीकृत असायला हवं. सगळे याला एआरटी कायदा म्हणतात. तो जानेवारी 2022 पासून लागू आहे आणि त्याचे नियम जून 2022 मध्ये आले.

नोंदणी आहे म्हटल्यावर भागत नाही, कोणत्या स्तराची आहे तेही बघा. पहिल्या स्तराच्या क्लिनिकमध्ये फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, होतं. स्त्रीबीजं काढणं, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणं आणि ते साठवणं ही कामं दुसऱ्या स्तराच्या क्लिनिकचीच. नोंदणी 5 वर्षांसाठी असते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीखही नजरेखालून घाला.

पात्र कोण?

उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय 21 पेक्षा जास्त आणि 50 पेक्षा कमी, पुरुषाचं 21 पेक्षा जास्त आणि 55 पेक्षा कमी हवं. जोडपं म्हणून यायचं तर लग्न झालेलं असणं आवश्यक आहे. एकत्र राहणाऱ्या अविवाहित जोडीला कायद्याच्या व्याख्येत जागा नाही. एकट्या स्त्रीला मात्र आहे: 21 वर्षांवरची अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्री स्वतःच्या नावावर या सेवा घेऊ शकते. तिला भ्रूण करायचे तर दात्याचे शुक्राणू लागतील. म्हणून लग्न न झालेल्या मुलीने केमोथेरपीच्या आधी नुसती स्त्रीबीजं गोठवावीत, हेच सहसा सोयीचं पडतं.

कायद्यातली जोडप्याची व्याख्या 'वंध्यत्व असलेलं विवाहित जोडपं' अशी आहे. वंध्यत्व म्हणजे गर्भनिरोधक न वापरता वर्षभर संबंध ठेवूनही गर्भ न राहणं, किंवा गर्भधारणेच्या आड येणारी सिद्ध झालेली वैद्यकीय स्थिती. त्यामुळे 'नोकरीत जम बसेपर्यंत थांबायचंय' एवढंच कारण घेऊन गेलेल्या जोडप्याला क्लिनिकने प्रश्न विचारले तर नवल नाही. वैद्यकीय कारण असेल तर ते कागदावर आणा. कर्करोगतज्ज्ञांचं पत्र, अंडाशयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला, कमी आलेल्या एएमएचचा (अंडाशयात किती स्त्रीबीजं उरली आहेत याचा अंदाज देणाऱ्या हार्मोनचा) रिपोर्ट, जे असेल ते. तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये लागत नाही.

कागदपत्रं

दोघांचं ओळखपत्र (बहुतेक ठिकाणी आधार), वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधीच्या उपचारांचे कागद. सोबत रक्ततपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), दोघांच्याही. गोठवलेले नमुने ठेवायच्या एकाच टाकीत अनेकांचे नमुने असतात, म्हणून यात कोणी सूट देत नाही. कर्करोगाच्या रुग्णाने पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: हार्मोनची इंजेक्शनं देण्यास हरकत नाही, आणि केमोथेरपी कोणत्या तारखेपर्यंत थांबवता येईल.

नेहमीची अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं पहिलं सोडून सगळंच नाव बदलतं, कुठे कुठे पहिलंही. मग आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर रिसेप्शनवरच्या मुलाने ऐकून टाइप केलेलं चौथंच. एरवी हे चालून जातं. इथे भ्रूणाच्या प्रत्येक नळीवर नाव लागणार असतं आणि ती फाइल कदाचित 8 वर्षांनी कोणी वेगळाच माणूस उघडणार असतो. विवाह प्रमाणपत्र असेल तर दोन्ही नावांचा दुवा मिळतो. नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नाची नोंदणीच झालेली नसेल तर आजच ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे जा.

संमतीपत्र: इथे थांबून वाचा

समुपदेशन ही क्लिनिकची कायदेशीर जबाबदारी आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, धोके हे सगळं त्यांनी समजावून सांगायचं असतं. त्यानंतर संमतीपत्रं येतात. उपचारांचं वेगळं, भ्रूण गोठवण्याचं वेगळं. नमुने नियमांनीच ठरवून दिले आहेत. गोठवण्याच्या संमतीपत्रात एक प्रश्न टाळताच येत नाही: दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा कोणी निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिलं नाही, तर या भ्रूणांचं काय करायचं? याचं लेखी उत्तर सगळ्या संबंधितांकडून मिळाल्याशिवाय क्लिनिकला भ्रूण गोठवताच येत नाहीत.

केमोथेरपीच्या धास्तीत असलेल्या जोडप्यासमोर हा प्रश्न येतो तेव्हा 'असलं अभद्र कशाला' म्हणून नर्स दाखवेल त्या चौकोनात खूण होते. त्या खुणेचं वजन काय असतं ते मुंबई उच्च न्यायालयात 2025 मध्ये आलेल्या एका प्रकरणात दिसलं. तिथे प्रश्न भ्रूणाचा नव्हता, शुक्राणूंचा होता. कर्करोगाच्या उपचारांआधी एका अविवाहित तरुणाने वीर्य गोठवलं आणि आपल्या मृत्यूनंतर ते नष्ट करावं असं फॉर्ममध्ये नोंदवलं. तो गेला. आईने नमुना मागितला, तो साठवणाऱ्या फर्टिलिटी केंद्राने त्या नोंदीवर बोट ठेवलं. न्यायालयाला सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. घरात आधी बोलणं झालं असतं तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नसतं, असं माझं मत. फॉर्मची कोरी प्रत आदल्या दिवशी मागून घ्या आणि घरी बसून वाचा. क्लिनिकला यात अवघड काही नाही.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे, आणि समुपदेशनात तो एका वाक्यात उरकला जातो. भ्रूण दोघांचा असतो. तो गर्भाशयात सोडला जाईपर्यंत नवरा-बायकोपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतं. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे उद्या घटस्फोट झाला आणि नवऱ्याने नाही म्हटलं, तर ते भ्रूण टाकीतच राहणार. ज्या बाईची अंडाशयं दरम्यान केमोथेरपीने निकामी झाली, तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं बीज उरत नाही. यावर उपाय साधा आहे. स्त्रीबीजं पुरेशी निघाली तर काहींचे भ्रूण करावेत, काही तशीच गोठवावीत. स्त्रीबीजांवर फक्त तिचाच निर्णय चालतो. सगळे डॉक्टर हा पर्याय आपणहून सुचवत नाहीत. विचारा, आणि सासूबाईंसमोर विचारू नका.

प्रत्यक्ष प्रक्रिया

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 10 ते 12 दिवस इंजेक्शनं आणि मधूनमधून सोनोग्राफी. कर्करोगात पाळीची वाट न पाहताही सुरुवात करता येते. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग असेल तर सोबत लेट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेन हे हार्मोन आटोक्यात ठेवतात. शेवटच्या इंजेक्शननंतर 34 ते 36 तासांनी भूल देऊन बीजं काढतात. फलन झाल्यावर तिसऱ्या किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण अतिवेगाने गोठवून उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले जातात. जाता जाता सांगण्यासारखं: 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात जन्मलेलं भारताचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ गोठवलेल्या भ्रूणातूनच आलं होतं. ते काम करणाऱ्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही.

गर्भलिंगनिदानाचा विषयही काढू नका, तो गुन्हा आहे. भ्रूणाची जनुकीय तपासणी कुटुंबातल्या ज्ञात आनुवंशिक आजारासारख्या कारणासाठीच करता येते.

काम झाल्यावर डिस्चार्ज सर्टिफिकेट देणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. त्यात किती भ्रूण, कोणत्या दिवशीचे, कोणत्या दर्जाचे, किती नळ्यांमध्ये आणि त्यांच्यावरचा ओळख क्रमांक काय, हे लिहून मागा. 'चार चांगले आहेत' हे वाक्य दुसऱ्या क्लिनिकमध्ये कामाचं नाही.

मुदत

भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. पण खरी मुदत अनेकदा त्याआधीच संपते, कारण वयाची अट भ्रूण सोडतानाही लागते. बायको 38 आणि नवरा 48 असताना गोठवले, तर कागदावर 10 वर्षं दिसतात. हातात 7 असतात. नवरा 55 चा झाला की दार बंद. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही जोडप्यांना वयाच्या अटीतून सूट दिली, ती सरोगसी कायदा लागू होण्याआधी भ्रूण गोठवून सरोगसीची प्रक्रिया सुरू केलेल्यांना. आज गोठवणाऱ्यांनी त्या निकालावर विसंबू नये.

साठवणीचं शुल्क ठरावीक काळाने भरावं लागतं. बदली झाली, मोबाइल नंबर बदलला, की क्लिनिकला लेखी कळवा आणि पोच घ्या. शुल्क थकल्यास काय करणार हे करारात कुठे लिहिलंय ते सही करण्याआधी शोधा.

शहर बदललं म्हणून भ्रूण उचलून नेता येत नाहीत. विक्री तर गुन्हाच आहे, पण स्वतःचे भ्रूण स्वतःच्या उपयोगासाठी हलवायचे तरी कायद्यानुसार एआरटी कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. त्यासाठी सध्याच्या क्लिनिककडून भ्रूणांचा तपशील आणि नव्या क्लिनिककडून स्वीकारण्याची तयारी, दोन्ही लेखी घेऊन मग हालचाल करा. परदेशी जाणाऱ्यांनी व्हिसासोबतच हे सुरू केलेलं बरं.

काही बिनसलं तर पहिली तक्रार क्लिनिकच्याच तक्रार निवारण कक्षाकडे द्या. तो असणं सक्तीचं आहे. क्लिनिकला नोंदी किमान 10 वर्षं जपाव्या लागतात, तेव्हा 'जुनी फाइल सापडत नाही' हे उत्तर मान्य करू नका.