लिफ्टनंतर स्प्रिंग घासते : वाटीत नीट बसली नाही, की ॲक्सल सरकलाय?

मित्राच्या जीप रँग्लरला, जेके मॉडेलला, दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, बसवून तीन आठवडे झाले होते. चाक खड्ड्यात उतरलं की पुढून 'कर्र' आवाज यायचा. गाडी उचलून चाक काढलं, टॉर्च मारला. स्प्रिंगच्या मधल्या दोन वेढ्यांवर, आतल्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा रंग उडाला होता आणि उघडं पोलाद चकाकत होतं. समोर, स्प्रिंगच्या पोटात असलेल्या बंप स्टॉपच्या (स्प्रिंग पूर्ण दबण्याआधी ॲक्सलला अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) नळकांड्यावर तेवढाच ओरखडा. बसवणाऱ्याने "स्प्रिंग फिरलीय" म्हणून ती दोनदा काढून परत घातली. खूण परत तिथेच आली. स्प्रिंग फिरलीच नव्हती. ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला आडवा दांडा, एका बाजूला सरकला होता.

ही गल्लत सारखी होते, कारण आवाज तोच आणि खूणही साधारण तीच. दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी आहे.

स्प्रिंग चुकीची बसली म्हणजे काय, ते आधी पाहू. ॲक्सलवर स्प्रिंग ज्यात बसते, त्या वाटीत एक पायरी असते. स्प्रिंगच्या तारेचं मोकळं टोक त्या पायरीला टेकलं पाहिजे. वर रबराची गादी असते, तिच्यातही वेढा पूर्ण शिरला पाहिजे. टोक पायरीवर चढून बसलं तर तो कोपरा तारेच्या जाडीइतका वर राहतो आणि स्प्रिंग एका अंगाला कलते. काही किटमध्ये डावी-उजवी स्प्रिंग वेगळी असते, काहींत वरची-खालची बाजू ठरलेली असते. लेबल न वाचता घातली की हाच प्रकार. हा दोष बहुतेक वेळा एकाच स्प्रिंगमध्ये सापडतो. टॉर्चने नुसतं टोक बघितलं तरी कळतं. दुरुस्ती तासाभराची आणि जवळपास फुकट : ॲक्सल खाली सोडायचा, स्प्रिंग हाताने फिरवून टोक पायरीला लावायचं, परत वर घ्यायचा.

ॲक्सल सरकण्याचं कारण पॅनहार्ड रॉड. जीपवाले त्यालाच ट्रॅक बार म्हणतात. त्याचं एक टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला), दुसरं ॲक्सलला. ॲक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवणं हे त्याचं काम. पण तो रॉड लांबत नाही की आखडत नाही, फक्त चासीकडच्या टोकाभोवती वर्तुळात फिरतो. लिफ्ट केली म्हणजे चासीच्या मानाने ॲक्सल खाली गेला, रॉड जास्त कलला, आणि कललेल्या रॉडची आडवी लांबी कमी झाली. तेवढा ॲक्सल चासीकडच्या टोकाच्या दिशेने ओढला जातो.

आकड्यांत सांगतो. समजा रॉड ८०० मिमी लांब आहे आणि आधीच त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ६० मिमी खाली आहे. आणखी ५० मिमी लिफ्ट केली तर ॲक्सल साधारण ५ मिमी सरकतो. हाच रॉड आधी अगदी आडवा असता तर दीड मिमीच सरकला असता. म्हणजे तेवढ्याच उंचीची लिफ्ट एका गाडीला सोसते, दुसरीला नाही. शिवाय चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा कल आणखी वाढतो. टोकांमधला फरक २०० मिमी झाला तर सरकणं २३ मिमीच्या आसपास जातं. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं आणि रस्त्यावर घासतं, ते यामुळे.

ज्यांनी स्प्रिंग न बदलता फक्त वर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकलाय, त्यांचीही यातून सुटका नाही. स्प्रिंग जुनी असली तरी ॲक्सल तेवढाच खाली गेलाय.

आता खूण वाचायची कशी? मला यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ॲक्सल डावीकडे सरकला तर दोन्ही वाट्या डावीकडे जातात, बंप स्टॉप मात्र चासीला असल्याने जागीच राहतात. म्हणून दोन्ही स्प्रिंगांवर खूण एकाच दिशेला, उजव्या अंगाला पडते. एकाच स्प्रिंगवर खूण असेल तर आधी बसवणीवर संशय घ्या. आणि दोन्हींवर पुढच्या किंवा मागच्या अंगाला असेल, तर ॲक्सल सरकलेला नसून स्वतःभोवती फिरलाय. लिफ्टमुळे कंट्रोल आर्मचा (ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचा) कोन बदलतो, वाटी कलते आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. पुढच्या ॲक्सलला याबरोबर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येईनासं होतं. खात्री करायला स्प्रिंगवर पांढऱ्या मार्करने रेघा मारा, ओबडधोबड रस्त्यावर फिरवून आणा आणि रेघ कुठे पुसली ते बघा.

सरकणं मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट जागा, स्टेअरिंग सरळ, गाडी दोनचार वेळा दाबून सोडलेली. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून रिमपर्यंतचं अंतर दोन्हीकडे घ्या. एकीकडे २२ आणि दुसरीकडे ३२ मिमी आलं, तर फरकाचा अर्धा, म्हणजे ५ मिमी, ॲक्सल सरकलाय. मडगार्डच वाकडा असल्याची शंका असेल तर चासीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंत मोजा.

उपाय म्हणजे लांबी बदलता येणारा ट्रॅक बार. त्याने ॲक्सल मधोमध येतो, पण रॉडचा कल तसाच राहतो, म्हणून खोल खड्ड्यात थोडं सरकणं उरतंच. कल कमी करायला ॲक्सलकडचा ब्रॅकेट उंच करतात. मागच्या ॲक्सलला ते बिनधास्त करावं. पुढे मात्र सांभाळून, कारण तिथे ट्रॅक बार आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर राहायला हवेत. एकाचाच कोन बदलला तर प्रत्येक उंचवट्यावर स्टेअरिंग हातातून ओढलं जाईल. ॲक्सल फिरलेला असेल तर लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म किंवा त्यांचे ब्रॅकेट खाली आणणं, आणि नंतर अलाइनमेंट. रबरी बुश (सांध्यातलं रबराचं अस्तर) असलेले बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडी चाकांवर उभी हवी. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

स्प्रिंगवर रबरी पाइप चढवून किंवा नळकांडं ग्राइंडरने तासून आवाज बंद करणारे मी पाहिलेत. तसं करू नका. घासून रंग गेलेल्या जागी गंज धरतो, तिथे खाच पडते, आणि सतत वाकणाऱ्या पोलादाला तडा जायला एवढी खाच पुरते. मित्राच्या स्प्रिंगवर खाच पडली नव्हती, म्हणून ती साफ करून रंगवली आणि परत वापरली. नखाला खाच लागली असती तर दोन्ही बाजूंची जोडी बदला असंच सांगितलं असतं.