ताट, वाटी, पेला आणि तर्काचा साचा

‘अगदी लॉजिकल बोलतो हो तो!’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याचं म्हणणं बहुतेक वेळा आपल्याला फक्त पटलेलं असतं. पटणं वेगळं आणि तर्कशुद्ध असणं वेगळं. हा युक्तिवाद बघा:

सर्व आंबे फळं आहेत. सर्व हापूस फळं आहेत. म्हणून सर्व हापूस आंबे आहेत.

तिन्ही वाक्यं शंभर टक्के खरी, तरी युक्तिवाद बाद. ‘हापूस’ काढून तिथे ‘चिकू’ घाला. पहिली दोन वाक्यं खरीच राहतात आणि तिसरं म्हणतं, सर्व चिकू आंबे आहेत! म्हणजे मूळ निष्कर्ष खरा होता तो आपल्याला आंब्यांची माहिती होती म्हणून. आधीच्या दोन वाक्यांतून तो निघालेलाच नव्हता.

आता उलटं. सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर राहतो. पहिलं वाक्य अचाट आहे, पण युक्तिवाद वैध आहे. मासे, बांगडा, झाडावर राहणं यांच्या जागी काहीही घाला, पहिली दोन खरी आणि तिसरं खोटं असं कधीच होणार नाही. जोर शब्दांत नाही, साच्यात आहे. म्हणून याला आकारिक तर्कशास्त्र म्हणतात. नामांच्या जागी अक्षरं लिहायची युक्ती ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच वापरली होती.

हीच अदलाबदल रोजच्या दाव्यांवर करून बघावी. ‘वास्तुदोष असेल तर घरात भांडणं होतात. तुमच्या घरात भांडणं होतात. म्हणजे वास्तुदोष आहे.’ साचा तोच ठेवून शब्द बदला: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं; अंगण ओलं आहे; म्हणजे पाऊस पडला. आणि कोणी सडा घातला असेल तर? (पहिल्या वाक्याला काही पुरावा आहे का, हा प्रश्न तर अजून विचारलेलाच नाही.)

आपल्याकडच्या न्यायशास्त्राचा (कायद्याचं नव्हे, प्राचीन न्याय दर्शनाचं तर्कशास्त्र) बाज वेगळा. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) असे त्यातल्या युक्तिवादाचे पाच अवयव. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. इथे उदाहरण हा युक्तिवादाचाच भाग आहे. ‘अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे’ (द्रव्य म्हणजे पदार्थ) हे अनुमान नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे पंडित, ‘बाधित’ म्हणून फेटाळतात, कारण हात लावला की चटका बसतो. ‘कोणतंच द्रव्य उष्ण नसतं’ हे वाक्य त्यात घातलं तर साच्यात काहीच चूक राहत नाही, तरी त्यांना ते चालत नाही. यात कमीपणा नाही. त्यांचा प्रश्न ‘खरं ज्ञान कसं मिळतं’ हा होता, ‘कशातून काय निघतं’ एवढाच नव्हता.

पण साचा म्हणजे नेमकं काय? आपण ‘हापूस’ बदलला, ‘सर्व’ मात्र बदलला नाही. ‘सर्व’, ‘काही’, ‘नाही’, ‘जर-तर’ यांना ही सूट कोणी दिली? ‘हापूस’ आणि ‘आंबा’ हेही शब्द बदलायचे नाहीत असं ठरवलं, तर वरचा बाद युक्तिवाद लगेच वैध होतो. आल्फ्रेड टार्स्की या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने 1936 च्या निबंधात वैधतेची व्याख्या दिली, पण शब्दांची ही वाटणी कशावर करायची याचा भक्कम आधार आपल्याकडे नाही, हेही तिथेच कबूल केलं. 1966 मध्ये लंडनच्या एका व्याख्यानात त्याने एक कसोटी सुचवली. ती फार देखणी आहे: जगातल्या वस्तूंची कशीही अदलाबदल केली तरी ज्याचा अर्थ मोडत नाही, तो शब्द तर्काचा.

जगात ताट, वाटी आणि पेला या तीनच वस्तू आहेत असं समजा. ‘अमुक हे तमुकपेक्षा मोठं’ हा संबंध घ्या. त्यात तीन जोड्या येतात: ताट-वाटी, ताट-पेला, पेला-वाटी. आता ताट आणि वाटी यांची जागा बदला, म्हणजे ताटाला वाटी म्हणा आणि वाटीला ताट. पहिली जोडी वाटी-ताट झाली आणि संबंध मोडला. म्हणजे ‘मोठं’ हा शब्द वस्तू ओळखतो. तो तर्काचा शब्द नाही.

मग कोणतीही अदलाबदल केली तरी न मोडणारे संबंध किती? तीन वस्तूंच्या क्रम धरून जोड्या नऊ. प्रत्येक जोडी संबंधात घ्यायची किंवा सोडायची, म्हणून एकूण संबंध 512. या नऊपैकी तीन जोड्या स्वतःशीच आहेत (ताट-ताट वगैरे) आणि सहा वेगवेगळ्या वस्तूंच्या. योग्य अदलाबदल केली की स्वतःशीच असलेली कोणतीही जोडी तशाच दुसऱ्या जोडीच्या जागी जाते. वेगळ्यांचंही तसंच: ताट-वाटीला पेला-ताटच्या जागी न्यायचं असेल तर ताटाच्या जागी पेला, वाटीच्या जागी ताट आणि पेल्याच्या जागी वाटी ठेवा. त्यामुळे टिकायचं असेल तर तीनच्या गटातल्या सगळ्या जोड्या घ्या किंवा एकही नको. सहाच्या गटाचंही तसंच. दोन गुणिले दोन, चार. 512 पैकी फक्त चार उरले: ‘तेच’, ‘वेगळं’, ‘सगळ्यांचं सगळ्यांशी’ आणि ‘कोणाचंच कोणाशी नाही’. चार भांडी घेतलीत तर 65,536 संबंधांतूनही हेच चार उरतात.

‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’, ‘निम्म्याहून जास्त’ हेही शब्द टिकतात. त्यांना फक्त किती वस्तू आहेत याच्याशी देणंघेणं असतं, कोणत्या आहेत याच्याशी नाही.

इथेच पेच पडतो, आणि पुढचा भाग थोडा सावकाश वाचा. ‘अनंत’ हाही शब्द फक्त ‘किती’ एवढंच बघतो, म्हणजे तोही तर्काचा ठरला. पण ‘आकारिक’ म्हटल्यावर आपल्याला आणखी एक गोष्ट हवी असते: अर्थ न कळता, केवळ नियमांनी पायरी तपासता यावी. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत दाखवायला कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, हे चार रंगांचं प्रमेय. 2005 मध्ये ज्यॉर्ज गाँतिए यांनी त्याची सिद्धता संगणकाकडून अशीच तपासून घेतली. त्या संगणकाला ना नकाशा माहीत, ना रंग.

‘सर्व’, ‘काही’, ‘नाही’, ‘जर-तर’, ‘तेच’ यांच्यापुरते नियम पुरे पडतात, प्रत्येक वैध निष्कर्ष त्यांनी गाठता येतो, हे कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने 1929 च्या प्रबंधात सिद्ध केलं. ‘अनंत’ आत घेतला की ‘कोणत्याही संख्येच्या आधी अनंत संख्या येत नाहीत’ असं म्हणता येतं. क्रमाचे, बेरजेचे आणि गुणाकाराचे नेहमीचे नियम त्याला जोडले की 0, 1, 2, 3… या रचनेखेरीज दुसरं काही त्यात बसत नाही. मग अंकगणितातलं प्रत्येक सत्य त्या वाक्यांतून आपोआप निघायला हवं. पण सगळी सत्यं देणारी आणि एकही असत्य न देणारी नियमांची यादी बनूच शकत नाही, हे त्याच गोडेलने 1931 मध्ये दाखवलं. म्हणजे ‘अनंत’चं पूर्ण नियमपुस्तक लिहिता येत नाही.

म्हणून पाठ्यपुस्तकातल्या प्राथमिक तर्कशास्त्रात ‘तेच’ हा शब्द सहसा आत असतो आणि ‘अनंत’ बाहेर. ताट-वाटीच्या कसोटीला मात्र या दोघांत काहीच फरक दिसत नाही.