चांदी, सिमेंट की दाताच्या रंगाचं?

किडलेली दाढ दाखवायला गेलं की डेंटिस्ट विचारतात, ‘चांदी भरू, सिमेंट भरू की दाताच्या रंगाचं?’ आ वासून बसलेल्या माणसाने यावर काय बोलावं! प्रश्न वाटतो पदार्थाचा, पण त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: चांगला दात किती कोरायचा?

दात बुजवण्याचा प्रयत्न फार जुना. स्लोव्हेनियातल्या लोन्चे इथे मिळालेल्या सुमारे ६५०० वर्षांपूर्वीच्या जबड्यात भेगाळलेल्या सुळ्यावर मधमाश्यांचं मेण आढळलं. ते माणूस जिवंत असताना लावलं की नंतर, हे मात्र नक्की सांगता येत नाही. पुढे युरोपात सोन्याचा वर्ख ठोकून भरू लागले. टिकाऊ काम, पण महाग आणि वेळखाऊ.

म्हणूनच चांदीचं एवढं आकर्षण. ही ‘चांदी’ म्हणजे अमाल्गम. त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. १८३३ मध्ये क्रॉकोर बंधूंनी ती न्यूयॉर्कमध्ये ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा भारदस्त नावाने आणली. सोनं भरणारे दंतवैद्य खवळले. अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सने तर सभासदांकडून ‘अमाल्गम वापरणार नाही’ अशी प्रतिज्ञा लिहून घेतली. त्यात पाऱ्याची भीती किती आणि धंद्याची किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. या भांडणात १८५६ मध्ये संस्थाच मोडली, अमाल्गम टिकलं.

तेव्हाचं मिश्रण घट्ट होताना कमीजास्त फुगायचं, आकसायचं. १८९० च्या दशकात अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचं प्रमाण बसवून दिलं. पण अमाल्गम दाताला चिकटत नाही. ते निसटू नये म्हणून खड्डा घागरीसारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागतो. शिवाय पुन्हा कीड लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात, अशी ब्लॅक यांची शिकवण. कित्येक पिढ्यांचे दात त्या हिशेबाने कोरले गेले.

हा हिशेब बदलला तो १९५५ मध्ये. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, ते अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर, लावून पाहिलं. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाला आणि राळ, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट होणारा कृत्रिम पदार्थ, त्याला धरून राहिली. मग राफेल बोवेन यांनी नवी राळ आणि सिलिकाचे कण एकत्र केले. त्याचं पेटंट १९६२ चं. हेच आजचं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. आता कीड तेवढीच काढली तरी भागतं. मात्र भरताना दात अगदी कोरडा लागतो आणि राळ घट्ट होताना थोडी आकसते, त्यामुळे हात कसलेला हवा.

‘सिमेंट’ म्हणून आज बहुधा भरतात ते ग्लास आयोनोमर. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते तयार केलं, १९७२ मध्ये जगापुढे मांडलं. ते दाताशी रासायनिक बंध जोडतं, थोडा ओलावा चालवून घेतं, कीड रोखायला मदत करणारं फ्लोराइडही सोडतं. चावण्याच्या जोरापुढे मात्र ते कमी पडतं. म्हणून दुधाचे दात किंवा हिरडीजवळचा खड्डा इथे ते शोभतं.

पाऱ्याचा वाद मधल्या काळात पर्यावरणाकडे वळला. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने अमाल्गम कमी करत नेण्याचं ठरलं. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडले तर, ते बंदच आहे. तोंडात आधीपासून असलेली धडधाकट चांदी मात्र केवळ भीतीपोटी काढू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. काढताना पाऱ्याची वाफ सुटते आणि दात पुन्हा कोरला जातो.